अंगठा

कुपवाड एमआयडीसीत, फौंड्रीच्या मागच्या गल्लीत,
दस्तगीर मुजावरच्या बाकावर
दोन हेड शेजारी शेजारी,
पोटं वर करून.

एक कोईमतूरहून आलेलं,
खोक्यातला भुसा अजून कानाकोपऱ्यात.
सत्त्याऐंशी हजार. पांढरंशुभ्र अ‍ॅल्युमिनियम,
मशीनच्या रेघा बोटाला लागतात,
पोर्ट एवढे मोठे की पुतणीची मूठ
आत जाता जाता राहील.

दुसरं माझ्याच एस्टीमचं, नव्याण्णव सालचं.
काजळी, एक गाइड ढिली,
कुणीतरी कधीतरी पान्यानं ओरबाडलेली कड.

मी पतसंस्थेत कॅशियर.
दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजतो.
हे सत्त्याऐंशी हजार मोजायला
अकरा महिने लागले.

दस्तगीरभाई कॉलेजच्या भंगारातला ब्यूरेट काढतो,
चेंबरवर ग्रीसनं काच चिकटवतो,
निळ्या शाईचा ठिपका टाकलेलं रॉकेल
थेंब थेंब सोडतो.
शेवटचा बुडबुडा कोपऱ्यात अडतो. टिचकी.
‘अठ्ठावीस पॉइंट चार. लिही.’
मी लिहितो.
‘अठ्ठावीस पॉइंट नऊ. ह्ये एक खादाड हाय.
बाकीची ह्याच्याएवढी करावी लागतील.’

मग न बघताच विचारतो,
‘गाडी पळवायची कुठं?’
कवलापूरच्या जुन्या धावपट्टीवर.
वर्षातून दोन रविवार.
‘आन् एरवी?’
एरवी सांगली ते मिरज, मिरज ते सांगली,
गतिरोधक, उसाच्या गाड्यांमागं दुसरा गिअर.
‘मग सात हजाराच्या वर इंजिन किती वेळ?’

मोजणं माझा धंदाच.
दोन रविवार, सहा सहा फेऱ्या,
सरळ पट्टा बारा सेकंदांचा.
एकशे चव्वेचाळीस सेकंद.
म्हणजे वर्षातली
दोन मिनिटं चोवीस.

तो काही बोलला नाही.
जुनं हेड उचलून दारात नेलं,
नळाला पाईप जोडला, काजळी धुऊ लागला.
पाणी त्याच्या पायाशीच लोळत होतं.
मग पाईपच्या तोंडावर त्यानं अंगठा ठेवला, अर्धवट,
आणि पाणी गल्ली ओलांडून
समोरच्या टेम्पोच्या काचेवर आपटलं.
टेम्पोवाला शिव्या देत उतरला.
‘बघितलंस?
भोक मोठं केलं की वारं आळसावतं.
खालच्या आरपीएमला पेट्रोल भिंतीला चिकटून बसतंय,
सासुरवाडीला आलेल्या जावयागत.’

जुनंच ठेवलं.
नव्या गाइड, तीन कोनांत कापलेल्या सीट,
पोर्टचा तळ तसाच,
वळणावरची कड तेवढी मोडलेली.
नऊ हजार, चहासकट.
कोईमतूरचं हेड जयसिंगपूरच्या आदिनाथ मगदूमनं नेलं,
घासाघीस न करता.

डिसेंबरात कवलापूरला
कोनांमधून वळताना मी त्याच्या पुढं होतो,
सरळ पट्ट्यावर ते सगळं परत द्यावं लागलं,
व्याजासकट:
एक सेकंद दोन दशांश.
दस्तगीरभाई स्टॉपवॉच खिशात घालून
भडंग खात उभा.
मला वाटलं, काहीतरी म्हणेल.
पुडी पुढं केली.

सोमवारी मिरजेच्या पुलाच्या चढावर,
तिसऱ्या गिअरला, जेमतेम दोन हजारावर,
गाडी हुंकारली आणि तशीच वर गेली,
गिअर न मागता.
शेजारची सीट रिकामी.
कुणाला सांगणार?

तरी कधी कधी दुपारी
ते पांढरं हेड आठवतं,
भुशात पडलेलं, पोट वर करून.
एकशे चव्वेचाळीस सेकंद
काही अगदीच कमी नाहीत.
स्पंजवर अंगठा ओला करतो
आणि तसाच थांबतो,
हातात दुसऱ्याचं बंडल.

‘साहेब,’ रांगेतून कुणीतरी म्हणतं,
‘मोजताय ना?’